जोडीनं खेळू द्या: आमच्या गणेश मंडळाच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री ग्रुपवर सुधारित कार्यक्रमपत्रिका आली. पाचव्या दिवशी रांगोळी आणि पाककृती यांच्या मधोमध ‘व्हिडिओ गेम स्पर्धा, वय १२ ते ७५’ अशी जी ओळ होती, तिथं आता ‘अंताक्षरी’ आहे आणि खाली बारीक अक्षरांत ‘तांत्रिक कारणास्तव बदल’. स्पर्धेची तांत्रिक बाजू सगळी माझ्याकडे होती. टीव्ही माझा, यंत्र मेव्हण्याचं, वायरी माझ्या. तेव्हा तांत्रिक कारण काही नव्हतं, हे निदान मला तरी ठाऊक आहे.

खरं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबीच्या ठेल्यावर कळलं. आपल्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी नातवाच्या मोबाईलवर त्या गेमची चित्रफीत पाहिली आणि म्हणाले, बाप्पासमोर ही कापाकापी चालायची नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला काकांचा राग नाही. त्यांनी निदान दोन मिनिटं पाहिलं तरी. माना डोलावणाऱ्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

आता मंगळवारच्या बैठकीत मला ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये दोन मिनिटं मिळतील, आणि त्यातलं एक चहा आल्यामुळे जाईल. म्हणून हे लिहून देतोय. हा गेम मी स्वतः दोनदा संपवलाय. त्यात काय चांगलं आहे आणि काय फसलंय, दोन्ही सांगतो. वाचून नाही म्हणालात तर मी अंताक्षरीत बसेन, ‘ळ’ वरून गाणंसुद्धा म्हणेन.

गेमचं नाव ‘निंजा गायडन: रेजबाउंड’. ३१ जुलै २०२५ ला बाजारात आला. बनवणारी मंडळी स्पेनमधल्या सेव्हिलची, ‘द गेम किचन’ नावाची. प्रकाशक फ्रान्सचे डोटेमू, आणि मूळ मालिका जपानच्या कोएई टेकमोची. गेम ताजा असला तरी दिसायला पस्तीस वर्षांपूर्वीचा वाटतो. ठिपक्याठिपक्यांची चित्रं, माणूस बाजूनं दिसतो, डावीकडून उजवीकडे पळत सुटायचं आणि समोर येईल त्याला तलवारीनं आडवं करायचं. ही धाटणी त्यांनी मुद्दाम घेतली आहे. ज्यांचं बालपण त्या ठिपक्यांत गेलं, त्यांना ओढून आणायला.

माझं गेलं. मूळ ‘निंजा गायडन’ १९८८ चा, टेकमोनं निन्टेंडोच्या फॅमिकॉमसाठी काढलेला. आमच्यापर्यंत तो पोचला १९९३-९४ च्या सुमारास, आपल्या इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानातून, एका नकली यंत्राबरोबर, पिवळ्या कॅसेटमधून. कॅसेट लागली नाही की काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची, शर्टाला पुसायची आणि पुन्हा खुपसायची. फुंकर कुणाची चांगली लागते यावरून आमच्या वाड्यात भांडणं झाली आहेत.

कॅसेट जपानी होती. सुरुवातीला चंद्राच्या उजेडात दोन निंजा एकमेकांवर धावून जातात, हवेत तलवारी भिडतात, एक जण पडतो. मग जपानी अक्षरं. कुणाला काही कळायचं नाही. वाड्यातल्या एका दादानं छातीठोकपणे सांगितलं होतं की पडला तो भाऊ, आणि भांडण जमिनीचं. माळव्यातली पोरं आम्ही, जमिनीपलीकडचं भांडण सुचणार कुठून! तो नायकाचा बाप होता हे मला वीस वर्षांनी कळलं.

तो गेम दुष्ट होता. दुसरा शब्द नाही. खड्ड्यावरून उडी मारावी तर नेमका त्याच क्षणी एक पक्षी येऊन छातीवर आदळायचा. धक्का लागला की आपला माणूस मागे उडायचा आणि थेट खड्ड्यात. एखाद्या शत्रूला मारून एक पाऊल मागे सरकावं तर तोच शत्रू पडद्याच्या कडेला पुन्हा हजर. सहा अंक होते. आमच्यातला एक जण एकदाच सहाव्या अंकाच्या शेवटाला पोचला, तिथल्या राक्षसाकडून हरला, आणि गेमनं त्याला उचलून सहाव्या अंकाच्या पहिल्या पायरीवर आणून ठेवलं. त्यानं शांतपणे कॅसेट काढली, खिडकीतून बाहेर भिरकावली, मग जिना उतरून परत घेऊन आला. भाड्याची होती.

पण एका टीव्हीसमोर आम्ही आठ जण असायचो. एक लाइफ तुझी, एक माझी, आणि उरलेले सहा सल्लागार. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता नव्या गेमकडे येतो. त्या पक्ष्याचं काय झालं, तिथूनच सुरुवात करतो, कारण या लोकांची हुशारी तिथेच दिसते. नव्या गेममध्ये हवेत असताना एखाद्या शत्रूच्या किंवा आपल्याकडे येणाऱ्या गोळ्याच्या अंगाला भिडलात आणि नेमकं तेव्हा उडीचं बटण पुन्हा दाबलंत, तर तुम्ही त्याच्यावर पाय देऊन वर उसळता. त्याला मार बसतो आणि तुम्हाला उंची मिळते. गेममध्ये याला ‘गिलोटिन बूस्ट’ म्हणतात, माझी भाची ‘टप्पा’ म्हणते. म्हणजे लहानपणी ज्यानं मला खड्ड्यात ढकललं, तोच आता खड्डा ओलांडायची पायरी झाला. तीन उडते शत्रू ओळीनं येतात, खाली काटे, आणि तुम्ही टप-टप-टप त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जाता. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. रात्रीचा एक वाजला होता, घरातले सगळे झोपलेले. परत बसलो.

दुसरी गोष्ट, कथा. गावाचा मोठा निंजा अमेरिकेला गेलेला असतो, म्हणजे जुन्या गेममध्ये जे घडलं ते तिकडे चालू असतं, आणि इकडे गाव सांभाळायला त्याचा तरुण शिष्य केंजी मागे उरतो. राक्षस चाल करून येतात. त्या गडबडीत शत्रूच्या टोळीतली एक मुलगी, कुमोरी, हिचा आणि याचा जीव एका शरीरात अडकतो. सुरुवातीचे टप्पे दोघांचे वेगवेगळे, त्यानंतर शरीर केंजीचं, तलवार त्याची आणि फेकायच्या छोट्या कट्यारी तिच्या. माझी आई मागं बसून भाजी निवडत पाहत होती. तिला मी हे सगळं समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, “म्हणजे ही त्याच्या अंगात आलीय, एवढंच ना?” एवढंच.

या दोघांवर गेमची सगळी मारामारी बेतली आहे. काही शत्रूंच्या भोवती निळी आभा असते, काहींच्या भोवती गुलाबी. निळा तलवारीनं मारायचा, गुलाबी कट्यारीनं. बरोबर शस्त्रानं मारलात की पुढच्या एका घावात प्रचंड जोर येतो, एरवी दहा घाव खाणारा धिप्पाड राक्षस एका फटक्यात कोसळतो. रंगाचा शत्रू जवळ नसला तर बटण दाबून धरून तोच जोर स्वतःच्या जिवातून काढता येतो, पण आपली जिवाची पट्टी तेवढी उतरते. मला ही शेवटची सोय फार आवडली. समोर दोन राक्षस, मागे दरड, जीव अर्धा. आता आणखी थोडा खर्च करून एकाला पाडायचं की चार घाव सोसत दोघांशी लढायचं, हा हिशेब अर्ध्या सेकंदात करावा लागतो. मी पोटापाण्यासाठी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात जमाखर्च लिहितो, पण इतका चोख हिशेब तिथंही कधी केला नाही.

चित्रांबद्दल थोडक्यात सांगतो: ठिपके जुने, पण हालचाल जुनी नाही. केंजीचा गमछा वाऱ्यावर उडतो तो बघत राहावा. संगीतात मूळ गेमच्या वेळचे केइजी यामागिशी यांचाही हात लागलेला आहे, आणि ज्याच्या कानात जुनी धून बसली आहे त्याला ते सांगावं लागत नाही.

आता काकांचा मुद्दा. रक्त आहे, लपवत नाही. चौकोनी ठिपक्यांचं आहे, पण लालच आहे. राक्षसांबरोबर माणसंही मारली जातात. आठ वर्षांच्या मुलाला मी हा गेम देणार नाही, म्हणून तर वयाची अट बारा वर्षांची ठेवली होती.

पण काका, अनंत चतुर्दशीच्या रात्री आपण सगळे जेल रोडच्या कडेला बसून काय बघतो? हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गिरण्यांचे भोंगे कधीच बंद पडले, झांक्या (गिरण्यांचे चित्ररथ) निघायच्या थांबल्या नाहीत. आणि झांक्यांच्या बरोबर आखाडे असतात. दहा वर्षांचा पोरगा तलवार फिरवत येतो आणि आपण “वा रे पठ्ठे” म्हणून ओरडतो. गेल्या वर्षी सर्वात मोठ्यानं कोण ओरडलं हे मी इथं लिहीत नाही. झांकीत महिषासुराच्या छातीत मोटारीवर चालणारा भाला दर चार सेकंदांनी घुसतो आणि बाहेर येतो, त्याला आपण कापाकापी म्हणत नाही. लहान पोरं आईच्या कडेवरून ते बघतात.

हे मी काकांना ठेल्यावर बोललोसुद्धा. त्यावर ते म्हणाले, “पट्टा फिरवायला दंडात ताकद लागते. हे तुमचं बोटांचं काम.” याला माझ्याकडे उत्तर नाही. ते खरंच आहे. आखाड्यातल्या पोरानं वर्षभर पहाटे उठून घाम गाळलेला असतो. माझ्या भाचीनं शनिवार-रविवार सोफ्यावर लोळत सराव केला. मी तुलना मागे घेतो, पण आक्षेपाचं नाव बदला एवढंच म्हणतो. ‘हिंसा’ लिहू नका, ‘मेहनत नाही’ लिहा. मग अंताक्षरीलाही तोच नियम लागेल.

जाता जाता आणखी एक. या सेव्हिलवाल्या मंडळींचा पहिला गाजलेला गेम २०१९ चा, ‘ब्लास्फेमस’. त्यांच्या शहरात ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात धार्मिक मिरवणुका निघतात, लोक उंच निमुळत्या टोप्या घालून चालतात. त्या टोप्या, त्या मूर्ती, ते सगळं त्यांनी गेममध्ये आणलं, आणि तोही मारधाडीचाच गेम होता. त्यांनी गावची मिरवणूक गेममध्ये घातली, आणि आपण मिरवणुकीच्या गावात एक गेम ठेवायला बिचकतोय.

असो. आता दोष. हे कुणी पाहिलेच नाहीत, म्हणून मला जास्त राग आहे. गेम रद्द करायला याहून चांगली कारणं होती.

पहिलं म्हणजे ते रंग. सुरुवातीला मजा येते, पण चार-पाच टप्पे झाले की लक्षात येतं, धिप्पाड राक्षसाच्या बरोबर दोन पावलं आधी एक निळा किंवा गुलाबी शत्रू उभा करून ठेवलेलाच असतो. पाट मांडलाय, ताट वाढलंय, तुम्ही फक्त जेवायचं. कुणाला आधी मारायचं हे आपण ठरवायच्या आधी गेमनंच ठरवलेलं असतं. दुसऱ्यांदा खेळताना तर मला शत्रू दिसेनासे झाले आणि नुसत्या खुणा दिसायला लागल्या, जशा लहानपणीच्या चित्रकलेच्या वहीत आकडे जोडून हत्ती काढायचा असायचा. हत्ती चांगलाच यायचा. पण आपण काढला असं काही वाटायचं नाही.

दुसरं, तो दुकानदार. टप्प्यांमधून सोनेरी भुंगे गोळा करायचे आणि मुरामासा नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानात देऊन ताईत घ्यायचे. ताईत बरेच, पण मी शेवटपर्यंत दोनच वापरले. काही ताईत तर असे की घातल्यावर तुमचंच नुकसान होतं आणि बदल्यात गुण जास्त. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या आपल्या सराफ्यातल्या एखाद्या दुकानासारखं आहे, काचेमागे सगळं चमकतंय, आणि आपण दर वेळी बाहेर येतो ते कचोरी खाऊनच.

तिसरं, गुणपत्रिका. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी किती वेळ लावलात, मार न खाता किती जणांना मारलंत, याची बेरीज होऊन इंग्रजी अक्षरात श्रेणी मिळते. पहिल्यांदा खेळणाऱ्याला ती हमखास खालची मिळते. अहो, पाहुणा आत्ता कुठे घरात आलाय, त्याला चप्पल काढायच्या आधीच मार्क? माझ्या भाचीचं तोंड उतरलं होतं. “मामा, मी तर मेलेही नाही एकदा, तरी का कमी?” तिला समजावताना माझ्याच नाकी नऊ आले. ज्यांना परत परत खेळायचं त्यांच्यासाठी ती श्रेणी ठीक आहे, त्यांच्यासाठी अवघड पातळीही आहे. पहिल्या फेरीत ती झाकून ठेवायला हवी होती.

मधला मोटारसायकलचा भाग मला नुसता भरतीचा वाटला. आणि मोठ्या पडद्यावर, दहा फुटांवरून, मागची नक्षी कुठे संपते आणि काटे कुठे सुरू होतात हे माझ्या चष्म्याला दोनदा कळलं नाही. स्पर्धेला खुर्च्या जवळ लावाव्या लागतील.

आणखी एक दोष आहे, तो दोष म्हणावा की नाही याबद्दल माझं मत रोज बदलतं. हा गेम दयाळू आहे. मेलात तर जवळच कुठंतरी परत उभं करतो. सेटिंगमध्ये जाऊन लागणारा मार कमीसुद्धा करून घेता येतो. सहा-सात तासांत माणूस शेवटाला पोचतो. आमच्या कॅसेटनं दोन वर्षं शेवट दाखवला नाही. आता चाळिशीत नोकरी-संसार सांभाळून दोन वर्षं मी कुठून आणू? म्हणून दयाळू असलेलंच बरं, हे मला पटतं. पण अडलंच नाही तर शेजारच्याला हाक कोण मारणार? मी एकट्यानं खेळलो, एकट्यानं संपवला, आणि मध्यरात्री उभा राहून परत बसलो. बघायला कुणी नव्हतं. आमच्या वाड्यात तोच टप्पा जमला असता तर सात जणांनी पाठीत गुद्दे घातले असते.

आणि इथेच या गेमचा सगळ्यात मोठा दोष आहे. दोन जीव, एक शरीर. एकाची तलवार, एकीच्या कट्यारी. दोघं आतल्या आत भांडतात, मग हळूहळू जुळवून घेतात. सगळी कथा जोडीची. आणि खेळणारा? एक. दुसऱ्या माणसाला खेळायची सोयच नाही. सेगाच्या १९८९ च्या ‘गोल्डन ॲक्स’ मध्ये दोघं शेजारी उभं राहून कुऱ्हाडी-तलवारी चालवायचे. त्यात आपला घाव आपल्याच जोडीदाराला लागायचा, त्यावरून खरी भांडणं व्हायची, पण दोघं असायचे. इथं जोडीची एवढी गोष्ट रचली आणि दाराशी पाटी लावली, ‘एकानेच आत यावे’.

हे मी मेव्हण्याला चिडून सांगत होतो. त्यानं सिंगापूरहून आणलेलं निन्टेंडो स्विच टेबलावर पडलेलं होतं. तुम्ही ते यंत्र पाहिलंय, चाचणीच्या दिवशी कोषाध्यक्षांनी त्याला ‘मोठा मोबाईल’ म्हटलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढे दोन तुकडे असतात, जॉय-कॉन. डावा आणि उजवा, दोन्ही यंत्रातून सुटे होतात, आणि दोन हातांत धरून खेळता येतं. माझी भाची तिथं बसून मला ऐकत होती. तिनं डावा तुकडा स्वतःच्या हातात घेतला, उजवा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “चल. आता झाले ना दोन?”

यंत्राला काय कळतंय! त्याच्या दृष्टीनं तो एकच माणूस, जरा लांब हातांचा. डाव्या तुकड्यात चालणं-पळणं, उजव्यात उडी, तलवार, कट्यार. म्हणजे पाय तिचे, हात माझे. पहिल्याच खड्ड्यात आम्ही अकरा वेळा पडलो. ती पळायची तेव्हा मी उडी मारत नव्हतो, मी उडी मारायचो तेव्हा ती थांबलेली. बाराव्या वेळी तिनं “आऽऽता!” म्हणून हाक दिली आणि आम्ही पलीकडे गेलो. मग हाका ठरल्या. ‘आता’ म्हणजे उडी, ‘मार’ म्हणजे तलवार, ‘फेक’ म्हणजे कट्यार. अर्ध्या तासानं हाका बंद झाल्या, कारण एकमेकांचा श्वास कळायला लागला. त्या पाट मांडून ठेवलेल्या रंगांचाही कंटाळा येईना, कारण काय करायचं ते माहीत असूनही दोघांनी मिळून करायचं होतं, आणि ते मुळीच सोपं नव्हतं.

आई मागून म्हणाली, “अरे मार ना मेल्या, समोर उभा आहे तो!” मी म्हटलं, तूच ये. आई बहात्तर वर्षांची आहे. तिनं डावा तुकडा हातात घेतला, उलटा धरला, भाचीनं सुलटा करून दिला. पहिली दहा मिनिटं आमचा केंजी भिंतीला नाक लावून पळत होता. मग तिला कळलं की तुकड्यावरची चालवायची खुंटी जरा कमी रेटली तरी चालतं. उडत्या शत्रूच्या डोक्यावर टप्पा घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं केंजीला बरोबर त्याच्या खाली नेऊन उभं केलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “हं.” मी बटण दाबलं. पलीकडे गेलो. भाची ओरडली, शेजारचे दार उघडून बघायला आले. त्यातले दोघं आत येऊन बसले आणि सल्ले द्यायला लागले.

तेव्हा मी स्पर्धेचा अर्ज मागे घेऊन नवा देतोय. आधीच्या अर्जात एकेकट्यानं खेळून गुण मोजायचे होते, तो माझाच मूर्खपणा होता. आता असं करा. स्पर्धा जोडीची. एक जण सतराच्या आतला आणि बाराच्या पुढचा, दुसरा पन्नाशीच्या पुढचा. डावा तुकडा कुणी घ्यायचा ते जोडीनं ठरवावं. सुरुवातीचाच एखादा टप्पा, मार कमी लागण्याची सोय चालू ठेवून. प्रत्येक जोडीला सहा मिनिटं, जी जोडी जास्त पुढे जाईल ती जिंकली. गेमची ती श्रेणी आली की मी टीव्हीसमोर टॉवेल धरीन. प्रेक्षकांनी सल्ले द्यावेत, मोठ्यानं द्यावेत, त्याला बंदी नाही.

रक्ताबद्दल काकांना अजूनही अडचण असेल तर स्पर्धा मांडवात नको, मागच्या सभागृहात घ्या, आरतीनंतर. बाप्पाकडे टीव्हीची पाठ राहील. आणि काकांनी स्वतः नातवाबरोबर नाव द्यावं अशी माझी विनंती आहे. नातवाला मी विचारलंय. तो तयार आहे, पण त्याची एक अट आहे: आजोबांनी पाय सांभाळायचे, तलवार त्याच्याकडे.

अंताक्षरी रद्द करू नका, सातव्या दिवशी लावा. त्या दिवशी नाहीतरी फक्त बक्षीस समारंभ आहे आणि तो नेहमीच उशिरा सुरू होतो.

टीव्ही मी आणतो. टेबल सभागृहातलं चालेल, फक्त त्याच्या डाव्या पायाखाली पुठ्ठा लागतो. एक्स्टेंशन बोर्ड मात्र मंडळानं नवा घ्यावा. गेल्या वर्षी भजनसंध्येला ज्यातून धूर आला तो अजून कपाटात ठेवलेला आहे, मी कालच पाहिला.

आपला,
मंडळाचा एक वर्गणीदार सभासद
इंदूर